बंदुकीचे माप कोणी ठरवले?

१/ वर्तकनगरमागच्या येऊरच्या जंगलात आज शिकार हा गुन्हा आहे. इंग्रजी अमदानीत मात्र धनिक शिकारी एकबारी रायफल खास घडवून घेत. दस्त्याला लाकूड अक्रोडाचे. ते चिवट व सहसा न वाकणारे.

२/ नळीचे माप मात्र सत्तेच्या हाती होते. मार्टिनी-हेन्री या एकबारी लष्करी रायफलीचे माप ०.४५० इंच. तिच्याजोगी गोळी बंडखोरांना मिळू नये, म्हणून १९०७च्या सुमारास सरकारने या मापाच्या शिकारी काडतुसांची हिंदुस्थानातील आयात रोखली. कारागिरांनी मग ०.४६५, ०.४७० ही मापे काढली.

३/ म्हणून जुन्या बंदुकीची केवळ कारागिरी वाखाणणे अपुरे. १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य रयत निःशस्त्र झालीच होती. तरीही साम्राज्याचे भय सरले नव्हते. नळीवरचा तो आकडा त्याच भयाची नोंद आहे.