कृष्णाला मत कोणी दिले?

‘लोक मूर्ख आहेत’ हे वाक्य आपल्याकडे दोन प्रसंगी हमखास ऐकू येते. एक, आपला उमेदवार पडला म्हणजे. आणि दुसरे, एखादा सिनेनट निवडून आला म्हणजे. पहिल्या प्रसंगी बोलणाऱ्याच्या आवाजात निदान दुःख तरी असते. दुसऱ्या प्रसंगी त्यात एक प्रकारचे समाधान असते. आपण त्या लोकांपैकी नाही, हे स्वतःला आणि चारचौघांना पटवून देण्याची ती एक सभ्य रीत आहे.

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत चहा येतो आणि त्याच्याबरोबर वर्तमानपत्र. दक्षिणेतल्या कुणा नटाने पक्ष काढल्याची बातमी असली, की आमचे एक पदवीधर सहकारी चष्मा पुसत म्हणतात, ‘‘पडद्यावर कृष्ण झाला म्हणून यांनी त्याला मुख्यमंत्री केला! काय बोलायचे या लोकांना?’’ मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, तरी पदवीपुढे माझा आवाज अजून जरा खालीच असतो. म्हणून जे तिथे बोललो नाही, ते इथे लिहितो.

हा पडद्यावरचा कृष्ण म्हणजे नंदमुरी तारक रामाराव. १९२३ साली कृष्णा जिल्ह्यातल्या निम्मकुरू गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मनुष्य. सब-रजिस्ट्रारची नोकरी मिळाली होती, ती थोड्याच दिवसांत सोडून त्याने मद्रासची वाट धरली. १९४९ मध्ये पहिला बोलपट, १९५७ मध्ये ‘मायाबाजार’मधला कृष्ण, आणि मग सुमारे तीनशे चित्रपट. हे सारे आमच्या सहकाऱ्यांना ठाऊक असते. पुढचे ठाऊक नसते, किंवा असून आठवत नाही.

१९७८ ते १९८३ या पाच वर्षांत आंध्र प्रदेशाला चार मुख्यमंत्री मिळाले. चारही एकाच पक्षाचे. आणि कोण जाणार, कोण येणार, हे ठरे दिल्लीत. १९८२ च्या फेब्रुवारीत हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर मुख्यमंत्री टी. अंजय्या स्वागताला गेले. कारखान्यात कामगार म्हणून आयुष्याला आरंभ केलेला तो माणूस. हारतुरे आणि गर्दी पाहून पंतप्रधानांचे पुत्र राजीव गांधी यांनी त्यांना चारचौघांत फटकारले. काही दिवसांतच अंजय्यांचे पद गेले. ज्याला कोट्यवधी लोक आपला मुख्यमंत्री म्हणतात त्याला असे वागवता येते, हे सबंध राज्याने पाहिले. त्यानंतर २९ मार्च १९८२ रोजी रामारावांनी ‘तेलुगू देशम्’ पक्ष काढला आणि तेलुगू माणसाचा आत्मगौरव हा शब्द उच्चारला. एका जुन्या गाडीचा रथ करून ते गावोगाव हिंडले. ९ जानेवारी १९८३ रोजी त्यांचा शपथविधी झाला. २९४ पैकी २०० हून अधिक जागा. पक्षाचे वय अवघे नऊ महिन्यांचे.

आता मला सांगा, या नऊ महिन्यांत कृष्णाचा मुकुट किती कामाचा होता आणि बेगमपेटची धूळ किती? मुकुटाने गर्दी जमली, हे मी नाकारत नाही. परंतु मुकुट १९५७ पासून होताच. मते १९८३ मध्ये पडली. मधली पंचवीस वर्षे हे ‘मूर्ख’ लोक कृष्णाचे चित्रपट पाहून घरी येत होते आणि मते काँग्रेसला देत होते. नट आणि पुढारी यांतला फरक त्यांना कळत नव्हता, असे म्हणणाऱ्याने या हिशेबाचे उत्तर द्यावे.

मी सोलापूरचा. आमच्या शहराच्या पूर्व भागात मागावर आणि विडीवर जगणाऱ्या तेलुगू घरांची दाट वस्ती आहे. लहानपणी आमच्या शेजारी अशाच एका विडी वळणाऱ्या आजीच्या देवघराशेजारी रामारावांचे कृष्णवेषातले चित्र होते. देवघरात नव्हे, देवघराशेजारी. हा फरक मला पुष्कळ वर्षांनी लक्षात आला. रामाराव वारले तेव्हा मी शाळकरी पोरगा. पोरवयातला आगाऊपणा म्हणून मी तिला विचारले होते, ‘‘आजी, तुमचा देव मेला ना?’’ ती सुपातली पाने न थांबवता म्हणाली, ‘‘देव कशाला असंल रे? नट होता त्यो. पण माझ्या भणीला गावाकडं दोन रुपयानं तांदूळ त्यानंच दिला. देवानं कवा दिलता?’’

या बाईला अक्षरओळख नव्हती. परंतु आमच्या शिक्षकखोलीतल्या चर्चेपेक्षा तिचे राज्यशास्त्र अधिक पक्के होते, असे मी आज म्हणतो. दोन रुपये किलो तांदळाची ती योजना १९८३ ची. तिच्यावर ‘खैरात’ म्हणून किती टीका झाली! पुढे बरोबर तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, संसदेने अन्नसुरक्षेचा कायदा केला आणि तीन रुपये किलोने तांदूळ हा कोट्यवधी माणसांचा हक्क ठरला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने वाटा देणारी दुरुस्ती आंध्रात १९८६ ची; कायदा येताना ज्यांचे लग्न झाले नव्हते त्यांच्यापुरती का होईना. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात तशीच दुरुस्ती यायला १९९४ उजाडले, आणि देशभर ती झाली २००५ मध्ये. सिनेमावेड्या प्रांताच्या मागे आपण आठ वर्षे चालत होतो, हे फुले-आंबेडकरांचे नाव घेताना आपण सहसा सांगत नाही.

आणि १९८४ चा ऑगस्ट? अमेरिकेतून हृदयाची शस्त्रक्रिया करून आलेल्या रामारावांना राज्यपाल रामलाल यांनी बरखास्त केले आणि त्यांच्याच मंत्रिमंडळातले भास्करराव यांना गादीवर बसवले. बहुमत कोणाकडे आहे हे सभागृहात पाहण्याची तसदी घेतली नाही. आजारी रामाराव आमदारांना घेऊन दिल्लीला राष्ट्रपतींपुढे उभे राहिले. इकडे लोक रस्त्यावर आले. राज्यपाल बदलावे लागले, आणि महिनाभरात रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्या दिवसांत रस्त्यावर आलेल्या माणसाला केवळ नटाचा भक्त म्हणणे हा अन्याय आहे. आपले मत दुसऱ्याने पुसू नये म्हणून तो तिथे उभा होता. राज्यघटना वाचलेल्या कित्येकांनी त्या महिन्यात घराबाहेर पाऊल टाकले नव्हते.

इथवर वाचून रामारावांच्या भक्तांना आनंद झाला असेल, तर त्यांनी जरा थांबावे. माझे भांडण त्यांच्याशीही आहे.

१९७७ मध्ये रामारावांनी ‘दानवीरशूर कर्ण’ नावाचा चित्रपट काढला. त्यात कृष्ण तेच, कर्ण तेच आणि दुर्योधनही तेच. निर्मातेही तेच, दिग्दर्शकही तेच. पडद्यावर हे कौतुकाचे आहे. पण राज्य असे चालवता येत नाही, आणि त्यांनी ते तसेच चालवू पाहिले. सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ५५ वर आणण्याचा निर्णय त्यांनी आल्या आल्या घेतला. १९८५ मध्ये विधान परिषदच मोडीत काढली. १९८९ च्या आरंभी आपले सबंध मंत्रिमंडळ एका फटक्यात घरी पाठवले. या साऱ्यात त्यांना ‘साहेब, हे चुकते आहे’ असे म्हणणारा एकही माणूस जवळ नव्हता. नव्हता, कारण ठेवला नव्हता. त्याच वर्षी निवडणूक झाली, आणि ज्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्यांना खाली उतरवले. कलवाकुर्तीला तर ते स्वतः पडले. कृष्ण पडतो, हे त्या ‘मूर्ख’ लोकांनी करून दाखवले.

त्याहून मोठा प्रश्न आत्मगौरवाचा आहे. कोणाचा आत्मगौरव? १९८५ च्या जुलैत प्रकाशम् जिल्ह्यातल्या कारमचेडू गावी जमीनदारांच्या जमावाने सहा दलितांची हत्या केली. जमीनदार मुख्यमंत्र्यांच्याच जातीचे. मेलेले सहाजण तेलुगूच बोलत होते. तेलुगू माणसाच्या गौरवाची भाषणे त्यांनीही ऐकली असतील. द्रौपदीला वस्त्रे पुरवणारा कृष्ण त्यांच्या हाकेला आला नाही. त्या हत्याकांडानंतर दलितांनी आपली चळवळ आपणच उभी केली, आणि तेच योग्य झाले. ज्याच्या-त्याच्या लढाईत नायक बाहेरून येत नसतो. चित्रपटात तो येतो. म्हणून तर आपण तिकीट काढतो.

आणि शेवट? १९९४ मध्ये रामाराव पुन्हा प्रचंड बहुमताने आले. १९९५ च्या ऑगस्टात त्यांचेच आमदार हैदराबादच्या एका हॉटेलात जाऊन बसले आणि जावई चंद्राबाबू नायडू यांना नेता करून मोकळे झाले. म्हातारा आपला रथ घेऊन हॉटेलच्या दारात गेला, तर त्याच्यावर चपला फेकल्या गेल्या. १८ जानेवारी १९९६ ला तो वारला. या साऱ्याचे खापर लोकांनी त्यांच्या दुसऱ्या पत्नी लक्ष्मी पार्वती यांच्या डोक्यावर फोडले. घर मोडले की दोष सुनेचा, ही आपल्या सर्व भाषांतली जुनी सोय आहे. खरे कारण साधे आहे. तेरा वर्षांत पक्षात एकच माणूस होता. बाकीचे सारे गर्दीच्या दृश्यातले. अशा पक्षात कोणी बंड करत नाही, आणि एके दिवशी सगळेच करतात.

यावर आमचे सहकारी म्हणतील, ‘‘मग मी तरी काय म्हणत होतो?’’ नाही महाराज, आपण लोकांना मूर्ख म्हणत होता. मी म्हणतो, लोक नटाच्या पुढे होते. नट त्यांच्या मागून चालत होता. याला पुरावा मास्तरकीच्या धंद्यातलाच देतो. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी साक्षरतेच्या वर्गात बायका अक्षरे गिरवत होत्या. वाचनपाठात दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट होती. ती वाचून १९९२ मध्ये त्या उठल्या आणि गावातली दारूविक्री त्यांनी बंद पाडली. जिल्ह्यांमागून जिल्हे पेटले. आधीच्या सरकारला १९९३ मध्ये गावठी दारू बंद करावी लागली. रामारावांनी संपूर्ण दारूबंदीचे वचन दिले, ते निवडून आले आणि १९९५ च्या जानेवारीत त्यांनी ते अमलात आणले. १९९७ मध्ये ती बंदी उठली, ही गोष्ट वेगळी. पण संवाद कोणी लिहिला आणि म्हटला कोणी, हे पाहा. लिहिला पाटीवर ‘अ’ काढणाऱ्या बायकांनी. म्हटला पडद्यावरच्या कृष्णाने. नाव मात्र म्हणणाऱ्याचे झाले.

आपल्याकडे असे होत नाही, ही आपली आवडती बढाई. बालगंधर्वांचे लुगडे, त्यांचा अंबाडा, त्यांची गजऱ्याची तऱ्हा घराघरातल्या बायकांनी उचलली, ते वेड कोणत्या प्रांतातले होते? १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा ‘संयुक्त मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी झाला, तेव्हा नटाच्या लोकप्रियतेने राजकारण बाटते, असे आपल्याला वाटले नाही. उलट आपण त्याचे पोवाडे गातो. २००४ मध्ये उत्तर मुंबईने राम नाईकांसारख्या कसलेल्या लोकसेवकाला पाडून गोविंदाला लोकसभेत धाडले. ते मतदार आंध्रातून आले नव्हते. आणि नटापुढे वाकत नाही म्हणणारे आपण लेखकमंडळी साहित्य संमेलनाच्या मांडवात पहिली रांग कोणासाठी मोकळी ठेवतो, आणि मंत्रिमहोदयांना उशीर झाला तर उद्घाटन किती वेळ खोळंबते, हे वाचकांनी पाहिलेच आहे. निदान सिनेमाच्या प्रेक्षकाला नायकाकडून काही कमिटीवरची नेमणूक नको असते.

मग हा प्रश्न हसण्यावारी न्यावा काय? मुळीच नाही. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तमिळनाडूतल्या करूर येथे नट विजय यांच्या सभेत चेंगराचेंगरी होऊन ४१ माणसे मेली. त्यांत लहान मुलेही होती. ती बातमी शिक्षकखोलीत वाचली गेली तेव्हाही कोणीतरी म्हणालेच, ‘‘कशाला जावे अशा गर्दीत?’’ मला त्या वाक्याचा राग येतो. गर्दीत जावे का, हा प्रश्न मेलेल्या मुलाच्या आईला विचारणे सोपे आहे. गर्दी तासन्‌तास कोणी ताटकळत ठेवली, तिला पाणी, वाट आणि आडोसा देण्याचे काम कोणाचे होते, हा प्रश्न ज्यांना विचारायचा त्यांच्यापुढे आपली जीभ रेटत नाही.

नटाने पुढारी होऊ नये, असा कायदा करता येणार नाही आणि करूही नये. वकील होतो, साखर कारखानदार होतो, पुढाऱ्याचा मुलगा तर जन्मतःच होतो. मग नटाने काय घोडे मारले? आपण फक्त एक प्रश्न विचारायचा, आणि तो नटाला विचारायचा तसाच बिनरंगाच्या पुढाऱ्यालाही विचारायचा: बाबा रे, तुझ्या पक्षात तुला ‘नाही’ म्हणू शकेल असा माणूस कोण? त्याचे नाव सांग. नाव आले, तर तो नट असो की नांगरधारी, मत द्यावे. नाव आले नाही, तर त्याचे आडनाव कितीही थोर असो, पुढे काय होणार ते हैदराबादच्या त्या हॉटेलच्या दारात एकदा दिसून चुकले आहे.

माझ्या वर्गात त्या विडी वळणाऱ्या आजीच्या वस्तीतली मुले बसतात. वाढदिवसाला नटाच्या फलकावर दूध ओतणारेही त्यांतून निघतील. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. उद्या फळ्यावर तो प्रश्न लिहीन आणि उत्तर त्यांनाच शोधायला सांगेन. दुबगुंट्याला एक धडा पुरला होता.