टाचणी, कॅप्सूल आणि चेहरा

केमिस्टकडे डोकेदुखीच्या गोळीइतक्या सहजपणे मागितली जाते ती ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल. कुणी ती गिळतं, कुणी टाचणीने टोचून कोरफडीच्या गरात पिळतं आणि रात्री तोंडाला चोपडून झोपतं. खोबरेलात घालून केसांना लावणारेही आहेतच. १९२२ साली अमेरिकेत बर्कलीला इव्हान्स आणि कॅथरिन बिशप या संशोधकांना हे जीवनसत्त्व सापडलं ते उंदरिणींचे गर्भ का टिकत नाहीत हे शोधताना; सौंदर्याची जबाबदारी त्याच्यावर आपण नंतर टाकली. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५ मिलिग्रॅम पुरतं, आणि कॅप्सूलवर छापलेलं असतं ४००! हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं, जास्तीचं लघवीवाटे सहज निघून जात नाही. व्रण पुसट होतात म्हणावं, तर मायामी विद्यापीठाच्या १९९९ मधल्या छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ते लावलेल्यांपैकी ९० टक्क्यांना काही उपयोग झाला नाही किंवा व्रण आणखी वाईट दिसू लागला. तिघांपैकी एकाच्या त्वचेची आगआग झाली ती वेगळीच. केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं, पण तपासणीसाठी सुई टोचून घ्यावी लागते, कॅप्सूलला आपण टोचतो. मूठभर सूर्यफुलाच्या बिया ई जीवनसत्त्वाची दिवसाची जवळपास निम्मी गरज भागवतात. शेंगदाणे, बदाम, करडईचं तेलही आहेच. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल गिळू नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.