भाकरीतले लोह

'डॉक्टर, रक्त वाढायला एखादे टॉनिक लिहा,' असे म्हणणाऱ्या मायबहिणी करमाळ्यात रोज भेटतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. बाटलीआधी भाकरीकडे पाहावे, असे माझे मत आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्राला दिला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. हे मोजणेही सोपे नाही बरे! दाण्याला चिकटलेल्या मातीतही लोह असते. म्हणून सोबत ॲल्युमिनियमही तपासतात. ते जास्त निघाले तर लोहाचा आकडा मातीने फुगला असे समजतात.

पण दाण्यातले लोह रक्तात उतरते का? शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात वसतिगृहांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी रोज दोन वेळा दिली गेली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षा या मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांत अधिक वाढला होता.

तेव्हा वसतिगृहांच्या खरेदीत नुसती 'बाजरी' असे लिहून भागणार नाही, वाणही विचारला पाहिजे. घरी मात्र भाकरीवर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. तासभर थांबावे, कालवणावर लिंबू पिळावे. हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात. भाकरीचे निमित्त करून त्या बंद करू नयेत.