रवा पिकतो कसा?

तुपात रवा पडला की गृहिणीचे कौतुक होते. ‘काय रवाळ कढवलंय हो!’ म्हणत पाहुणा पुरणपोळीवर आणखी चमचाभर ओढून घेतो. तोच रवा आईस्क्रीममध्ये पडला की मात्र मंडळी नाक मुरडतात आणि दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतात. पण दर वेळी दोष दुकानदाराचाच असतो असे नाही. डबा चारदा फ्रीजबाहेर निघाला की बर्फाचे बारीक कण वितळतात. पुन्हा गोठताना त्यांचे पाणी नवा संसार मांडीत नाही; जे मोठे कण टिकून राहिले, त्यांच्याच अंगावर जाऊन बसते.

‘बळी तो कान पिळी’ असे कोणी म्हणेल. पण येथे मोठा लहानाला गिळत नाही. दोघांची गाठसुद्धा पडत नाही. रव्याच्या पोटातला कण चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेला असतो. काठावरच्याला शेजार कमी, म्हणून तो लवकर सुटतो. लहान रव्यात असे काठावरचेच फार! तो विरघळत जातो, त्यामुळे भोवतालच्या द्रवात माल जरुरीपेक्षा जास्त होतो आणि तो मोठ्या रव्यावर बसतो.

हे कोडे विल्हेल्म ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने उलगडले. पाऱ्याचे ऑक्साइड तांबडे असते आणि पिवळेही असते. ते पदार्थ दोन की एक, असा वाद होता. १९०० साली ओस्टवाल्डने सांगितले, की पदार्थ एकच, फरक रव्याच्या आकाराचा. बारीक रवा अधिक विरघळतो. पुढे १९०९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते दुसऱ्या कामाबद्दल. रवे वाढण्याच्या या क्रियेला मात्र आजही ‘ओस्टवाल्डचे पिकणे’ असेच म्हणतात.

परंतु हे पिकणे कामाला लावले ते फोटोवाल्यांनी, आणि तेही ओस्टवाल्डच्या आधी. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळी काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, लगेच धुवावे लागे, आणि समोरच्या माणसाला कित्येक सेकंद स्तब्ध बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार! जुन्या फोटोंतली माणसे रागावलेली दिसतात ती स्वभावाने तशी नव्हती, बिचारी. रांगत्या मुलाचा फोटो तर निघणेच मुश्किल.

१८७१ साली डॉ. मॅडॉक्स या इंग्रज गृहस्थाने जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड कालवून काचेवर पसरले. काच ओली ठेवण्याची कटकट मिटण्याची सोय झाली, पण तिला प्रकाश फार लागे. मग १८७८ साली चार्ल्स बेनेट याने तेच मिश्रण सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या उबेत काही दिवस राहू दिले. आंबे अढीत घालावे तसे! फोटोवालेही या कृतीला पिकवणेच म्हणू लागले. बारीक रवे विरघळले, उरलेले जाड झाले, आणि काच इतकी तेज झाली की सेकंदाच्या अंशात चित्र उमटू लागले. बेनेटने ही कृती छापून मोकळी केली. हा उमदेपणा मला त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. कारण हसरे मूल, पळता घोडा, भर रस्त्यातली गर्दी यांना फोटोचे दार तेव्हा उघडले.

मोठ्या रव्याची करामत अशी, की त्यात प्रकाशाने चांदीचे चार-दोन अणू सुटले, तरी धुताना सगळा रवा काळा होतो. जितका रवा मोठा, तितका तो जास्त प्रकाश पकडतो. पण चित्र मोठे केले की तो दिसतोही! घरातला जुना अल्बम काढा. संध्याकाळच्या मंद उजेडात तेज फिल्मवर घेतलेल्या आणि मागाहून मोठ्या केलेल्या एखाद्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या गालावर बारीक वाळू पसरल्यासारखी दिसेल. ते देवीचे वण नव्हेत. पिकल्या रव्यांतून उतरलेली चांदी आहे ती.