उभे विमान आणि वारा

दुबईमार्गे प्रवास करणाऱ्या आपल्या वाचकांनी सवड काढून शेजारच्या शारजातील अल् महत्ता संग्रहालय अवश्य पाहावे. येथे पूर्वी विमानतळ होता. ५ ऑक्टोबर १९३२ रोजी इंपीरियल एअरवेजचे ‘हॅनो’ हे विमान या ठिकाणी उतरले. चार एंजिने, दुहेरी पंख व सुमारे १३० फूट पंखविस्तार असलेले हे यंत्र त्या काळी अजस्र गणले जाई. तथापि त्याचा अंत आकाशात झाला नाही. १९ मार्च १९४० रोजी ब्रिस्टलनजीक व्हिटचर्च येथे ते उभे असता वादळाने ते व ‘हेराक्लीझ’ हे त्याचे भावंड एकमेकांवर आदळले आणि दोन्ही नष्ट झाली.

असे का व्हावे? विमान वाऱ्यातून धावो अथवा वारा विमानावरून वाहो, पंखास उचल मिळतेच. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. एवढ्या अवजड विमानाची ही गत, मग एंजिनाविना तरंगणाऱ्या ग्लायडरची काय कथा! एका आसनाचे रिकामे ग्लायडर सुमारे अडीचशे किलो भरते आणि ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेग मिळताच हवेत तरते. आखातावरून वाळू उडवीत येणारा ‘शमाल’ हा वायव्येचा वारा जोरावला, तर उघड्यावरील ग्लायडर वैमानिकाविनाच उचलले जाण्याचा धोका असतो.

यास्तव त्याचे तोंड वाऱ्याकडे करून दोन्ही पंख व शेपूट मजबूत दोरांनी, न सरकणाऱ्या गाठींनी बांधावे. शेपूट उंच टेकवावी, म्हणजे पंखांचा कोन उतरून उचल घटते. सुकाणू व पंखांच्या झडपा हलू नयेत अशा अडकवाव्यात. अन्यथा वारा त्या आपटून मोडतो. भुसभुशीत वाळूत साधी खुंटी उपटून येते. तेथे जाड फळी किंवा वाळूने भरलेले पोते खोल आडवे पुरून त्यास दोर बांधावा. वर लोटलेली वाळूच मग त्यास धरून ठेवते.

आपल्या मॉरिशसवासीयांस हे नवे नव्हे. १९६० च्या कॅरोल वादळाच्या कथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकल्या आहेत. छपराचे पत्रे आवळायचे ते आभाळ निवळ असतानाच. वारा सुटल्यावर शिडीवर चढणे जसे जिवावर बेतते, तसेच फडफडत्या पंखाखाली दोर घेऊन धावणेही. दोर बांधण्याची वेळ वाऱ्यापूर्वीचीच होय.