पत्राचाळीच्या भाडेकरूला कंपनीच्या वार्षिक अहवालात काय सापडलं असतं?

गोरेगाव पश्चिमेच्या सिद्धार्थनगरला सगळे पत्राचाळ म्हणूनच ओळखतात. 2008 मध्ये तिथल्या 672 भाडेकरूंची सोसायटी, म्हाडा आणि गुरुआशिष कन्स्ट्रक्शन यांच्यात पुनर्विकासाचा करार झाला. घरं रिकामी झाली. पुढे भाडं थांबलं, बांधकाम रखडलं. भाडेकरूंची घरं पूर्ण न करताच एफएसआय इतर बिल्डरांना सुमारे 901 कोटी रुपयांना विकल्याचा ईडीचा आरोप आहे.

गुरुआशिष ही एचडीआयएलची उपकंपनी. एचडीआयएल शेअर बाजारात नोंदलेली, त्यामुळे दरवर्षी वार्षिक अहवाल काढणं तिला बंधनकारक होतं. पण असा अहवाल लिहिला जातो शेअरधारकासाठी. त्याला नफा किती ते हवं असतं. भाडेकरूला हवं असतं ते वेगळंच: घर कधी मिळणार, आणि या महिन्याचं भाडं कुठे अडकलं?

मग आता नियम बदललेत का?

काही प्रमाणात. 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना सेबीने 'बीआरएसआर' हा अहवाल सक्तीचा केला. वंचित घटकांशी कंपनी कशी बोलते, हे त्यात विचारलं जातं. पुनर्वसनाचा तर वेगळा तक्ताच आहे: प्रकल्पाचं नाव, जिल्हा, प्रकल्पग्रस्त कुटुंबं किती, त्यातली किती टक्के पुनर्वसनात आली, वर्षभरात त्यांना किती रक्कम दिली. पत्राचाळीला नेमकं हेच हवं होतं.

गोम पुढे आहे. ही माहिती फक्त स्वतःपुरती द्यायची की उपकंपन्यांसह, हे कंपनी ठरवते. 'फक्त स्वतःपुरती' निवडलं की गुरुआशिषसारखी उपकंपनी तक्त्यातून बाहेर. शिवाय पुनर्विकासातल्या भाडेकरूला 'प्रकल्पग्रस्त' म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

भाडेकरूच्या हातात काय आहे?

कंपनी कायद्याच्या कलम 136 नुसार नोंदणीकृत कंपनीला उपकंपन्यांचे लेखापरीक्षित हिशेबही वेबसाइटवर ठेवावे लागतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून कोणत्याही कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं पाहता येतात. पण ही कागदपत्रं बहुतेक वेळा इंग्रजीत, आणि आकडे अख्ख्या कंपनीचे. चाळीच्या नोटीस बोर्डावर लावता येईल असं प्रकल्पाचं एक मराठी पान काढायला कंपनीला फार खर्च येणार नाही. मात्र ते कुठल्याच नियमात नाही.

पत्राचाळीचं रखडलेलं काम अखेर म्हाडाने हाती घेतलं. एचडीआयएल ऑगस्ट 2019 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. गोरेगावातच मोतीलाल नगरच्या पुनर्विकासासाठी जुलै 2025 मध्ये म्हाडा आणि अदानी समूहात करार झालाय. तिथल्या रहिवाशांनी आधी एवढं पाहावं: करारावर सही करणारी कंपनी नेमकी कोणती, आणि ती शेअर बाजारात नोंदलेली आहे का?