५ बाद २७७

परवाच्या रविवारी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तीन राउंड मारून (बरं बाबा, दोन!) आमची गँग मिसळीच्या टेबलावर जमली आणि विषय निघाला... टेस्टमधला बॅटिंगचा बेस्ट दिवस कोणता? हा विषय निघाला की पावाची दुसरी प्लेट येते, तिसरी येते, आणि घरून फोन यायला लागतात.

आमच्या बँकवाल्याने पहिल्याच बॉलला सिक्सर ठोकला. ''१४ मार्च २००१, ईडन. विषय संपला!'' त्याचं चुकत नाही. फॉलोऑन मिळालेला, समोर ओळीने सोळा टेस्ट जिंकलेली ऑस्ट्रेलिया, आणि लक्ष्मण-द्रविड सकाळी आत गेले ते संध्याकाळी नाबादच बाहेर आले. दिवसात ३३५ रन्स, विकेट एकही नाही. त्या बुधवारी पोटदुखीच्या नावाखाली शाळा बुडवल्याचं हा अजून अभिमानाने सांगतो.

आमचा सीए मात्र सिडनीवर अडून बसलेला. ११ जानेवारी २०२१. विहारीचा हॅमस्ट्रिंग गेलेला, अश्विनची पाठ धरलेली, तरी दोघांनी चाळीसच्या वर ओव्हर्स खेळून काढल्या आणि मॅच ड्रॉ केली. विहारी १६१ बॉल्समध्ये नाबाद २३! ''रिटर्न्स नको बघू भो, रिस्क बघ.'' या माणसाला झोपेतही बॅलन्स शीट दिसत असणार.

मी म्हटलं, २७ डिसेंबर २०२०, मेलबर्न. दोघंही हसले. ''अरे, रहाणे नाबाद १०४. त्यातही दोन कॅच सुटले!'' सुटले ना. ७३ वर स्मिथने सोडला, १०४ वर हेडने. तरी माझं मत तेच.

का, ते कट्ट्यावर सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

त्या वर्षी मीही तुमच्यापैकी अनेकांसारखा पुण्याहून लॅपटॉप बगलेत मारून सिडकोतल्या घरी आलो होतो. वर्क फ्रॉम होम, आईच्या हातचं जेवण, सगळं झकास. ऑक्टोबरमध्ये दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर कंपनीने नारळ दिला. घरी सांगायची हिंमत झाली नाही. मग रोज साडेनऊला वरच्या खोलीचं दार लावायचं, हेडफोन चढवायचे आणि 'कॉलवर आहे' म्हणायचं. आई दाराबाहेर चहा ठेवून चप्पल न वाजवता खाली जायची. पोराला डिस्टर्ब नको! तो चहा मी दहा मिनिटांनी आत घ्यायचो. लगेच दार उघडलं तर मीटिंग कसली?

१९ डिसेंबरला अॅडलेडमध्ये आपण ३६ वर आटोपलो. एकालाही दोन आकडी रन्स नाहीत. बाबांनी (अंबडच्या कंपनीतून रिटायर्ड, टेस्ट सोडून दुसरं क्रिकेट न मानणारे) शेवटपर्यंत टीव्ही बंद केला नाही. मी विचारलं, ''आता पुढे काय?'' ते म्हणाले, ''पुढे काय म्हणजे? २६ ला मेलबर्नला मॅच आहे ना.''

२७ ला पहाटे पाचला आम्ही दोघं एकाच रजईत पाय खुपसून टीव्हीसमोर. नाशिकची डिसेंबरची थंडी वेगळी सांगायला नको. आदल्या दिवशीचा स्कोअर १ बाद ३६. ''परत छत्तीसच?'' बाबा पुटपुटले. मग गिल गेला, पुजारा गेला, ३ बाद ६४. कोहली बाळंतपणासाठी घरी आलेला. समोरच्या गॅलरीतून काकांनी मास्क खाली ओढून आवाज दिला, ''काय हो, आज पन्नासच्या पुढे गेलो म्हणून पेढे का?'' बाबा उठून गॅलरीत गेले. ''आश्वी खुर्दचं पोरगं आहे आत! संगमनेर म्हणजे आपलंच.'' (डोंबिवलीकरांनी माफ करावं.) ''पण कोहली नाही ना...'' ''जो आहे तो खेळतोय ना!''

आणि तो खेळला. सोडायचे ते बॉल सोडले, मारायचे तेवढेच मारले. विहारी गेला, पंत गेला, जडेजा चिकटला. पाऊस आला तेव्हा ५ बाद २७७, रहाणे दोनशे बॉल्सला १०४. समोरचे काका पेढे विसरून टाळ्या वाजवत होते.

बाबांनी टीव्ही बंद केला. ''उद्या मी एकटाच बघतो. सोमवार आहे, तुझं ऑफिस.''

''ऑफिस नाहीये बाबा. ऑक्टोबरपासून.''

ते बराच वेळ रजईची घडी घालत राहिले. एवढीशी रजई!

''आईला माहितीये?''

''नाही.''

''मी सांगतो. तू उद्या पाचला ऊठ.''

सोमवारी जडेजा ४९ वर असताना चोरटी रन घेण्याच्या नादात रहाणे ११२ वर रनआउट झाला. मी सोफ्यावर मूठ आपटली. रहाणेने जाता जाता जडेजाच्या पाठीवर थाप मारली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त आवाज जरा वाढवला. मंगळवारी आपण आठ विकेट्सनी जिंकलो. मला नोकरी मिळायला मार्च उजाडला, पण तो वेगळा कॉलम.

त्या सोमवारी साडेनऊला मी वर गेलो. दार उघडंच ठेवलं. आई चहा घेऊन थेट आत आली, कप हातात दिला आणि म्हणाली, ''पी आधी. गार होतो.''